तिठ्यावरचं गाऱ्हाणं

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागाहून पोचतं. आमच्या तिठ्यावर कोणालाही विचारा. मी गुरुदास, मालवणच्या वाटेवर तीन रस्ते जिथे मिळतात तिथे पंचवीस वर्षं रिक्षा हाकतोय. मी स्टँडचा अध्यक्ष वगैरे नाही, पण माझा शब्द चालतो, कारण त्याच्या मागे माझी थप्पड असते. अजय नावाच्या पोरानं एकदा नंबर तोडून पॅसेंजर घेतला, तेव्हा त्याला मी चालत्या रिक्षातून ओढून काढलेला. एक दात हलला त्याचा. दुसऱ्या दिवसापासून तोच अजय "काका, काका" करत माझ्या मागे. आमच्याकडे मार खाल्लेला माणूस एकतर गाव सोडतो, नाहीतर मारणाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो.

पण आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम मी हातानं केलं नाही. ते मी तोंडानं केलं.

गेल्या नोव्हेंबरात मार्ता आली. पोलंडची बाई, साठीला टेकलेली, एकटी, पाठीवर गॅसच्या सिलिंडरएवढी बॅग. डॉमिंगोच्या माडीवरची खोली तिनं घेतली. डॉमिंगोचं गॅरेज आमच्या स्टँडला लागूनच. तरुणपणी तो बोटीवर इंजिनरूमला होता, त्यामुळे त्याला इंग्रजी येतं. मला गाडी शिकवली ती त्यानंच. माझ्या पहिल्या रिक्षाचं इंजिन त्यानं दोनदा उतरवून चढवलं, आणि माझी बायको नर्मदा नाताळाला त्याच्या घरी करंज्या पाठवते. म्हणजे आमचं किती होतं ते समजा.

मार्ताकडे तीन महिने होते आणि हा एवढा मोठा देश बघायचा होता. शेवंतीच्या चहाच्या टपरीवर तिनं नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार ग्लास ठेवले आणि डॉमिंगोकरवी सगळ्यांना विचारलं, फिरू कशानं?

झालं! असा प्रश्न आमच्या लोकांना विचारायचा म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याला दगड.

"रेल्वेन जा," अजय म्हणाला. "एसीत आडवा व्हायचा, सकाळी उठायचा, दिल्ली!"

"मगे बगलान काय तिना? उशी?" शेवंती उसळली. "बाय, तू येष्टीन जा. येष्टी जंय जाता थंय माणसा आसतत. जंय येष्टी जाणा नाय, थंय बायलमाणसान जावचाच कित्याक?"

कोणी विमान म्हटलं, कोणी स्लीपर कोच. बाई सगळं वहीत लिहून घेत होती. मी मात्र नकाशावर आमचा तिठा शोधत होतो. सापडेना. शेवटी डॉमिंगोनं ग्रीसनं काळं झालेलं करंगळीचं नख एका जागी टेकवलं. "ह्या बघ गुरू, हय आसंव आपण."

त्या नखाखाली मालवण होतं, कणकवली होती, देवगड होतं. उत्तरेला खारेपाटण आणि दक्षिणेला बांदा, या दोन टोकांपल्याड मी कधी गाडी नेलेली नव्हती. रिक्षाचं परमिट जिल्ह्यापुरतं, आणि माणूसही मग तेवढाच होतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या मी, गाडी चालवून चालवून कंबर गेली, आणि सगळा मिळून डॉमिंगोच्या नखाखाली मावलो. मला खरंच रडू आलं हो. लोक हसतील म्हणून मी खोकलो.

दोनच महिन्यांपूर्वी मी एक जुनी व्हॅन घेतली होती, पर्यटकांना किनाऱ्यावर सोडायला. मी नकाशावर थाप मारली. एक ग्लास पडला. "मी नेतलंय तिका! माज्या व्हॅनीतसून. काशी, हिमालय, जंय म्हणात थंय. सांग तिका."

डॉमिंगोनं सांगितलं. मार्ता हसली, माझा हात हातात घेऊन हलवला आणि काहीतरी बोलली. डॉमिंगो म्हणाला, "इचार करून सांगतंय म्हणता."

मी 'सांगतंय' ऐकलं. 'इचार' ऐकलाच नाही.

त्या संध्याकाळी नर्मदेला मी कुळथाचं पीठ दळून आणायला लावलं. तिनं सुकी सुंगटंही, म्हणजे वाळवलेली कोलंबी, बांधून ठेवली. "हिमालयात सुंगटा खाशात?" म्हणून तीच हसत होती. व्हॅनीला चार टायर नवे घातले. स्टँडवर रोज सांगायचो, आज इथून निघणार, उद्या तिथे मुक्काम. पोरांनी माझं नावच पाडलं, हिमालय. "काय हिमालय, नंबर कितवो?" मला ते गोड लागायचं. पंचवीस वर्षांत मी कोणाला नुसता 'गुरू रिक्षावाला' सोडून दुसरा काही वाटलो नव्हतो.

आठव्या दिवशी शेवंतीनं चहा देता देता सांगितलं, "तुजी बाय मोटारसायकलीन जाता म्हणता. डॉमिंगो तयार करून देता हा."

मी ग्लास ठेवला तो टेबलावर की जमिनीवर, आठवत नाही. गॅरेजात गेलो. मार्ता ग्रीसनं माखलेल्या सदऱ्यात एका जुन्या मोटारसायकलीवर बसून क्लच दाबून बघत होती. शेजारी दुसरी तशीच उभी, नवा काळा रंग, आणि तिला चांगली जाडजूड स्पंजाची सीट. म्हटलं, बघा म्हातारीची चैन, एक मोडली तर दुसरी!

डॉमिंगो पाना पुसत पुढे आला. चेहरा हसरा. "गुरू, बरो इलंस. ऐक मरे, मी तुका—"

मी त्याच्या थोबाडीत दिली. तो मागे व्हाइसच्या लोखंडी पकडीवर आदळला. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. मार्ता ओरडली.

"तुका माजा बोलणा तिका सांगूक ठेवललंय!" मी किंचाळलो. "तुजा सांगूक नाय! सात दिवस माका हिमालय हिमालय म्हणान नाचवलंस, आणि गिऱ्हाईक गिळलंस! शिरा पडली ती तुज्या तोंडार!"

"गुरू, पुरता ऐकान तरी घे रे!"

मी त्याच्या पायाशी थुंकलो आणि निघालो. तो दुसऱ्या दिवशी स्टँडवर आला, ओठाला टाका घालून. "गुरू," एवढंच म्हणाला. मी रिक्षा सुरू केली आणि धूर त्याच्या तोंडावर सोडून गेलो. आणि मागून अजयचा मित्र तो कोण, त्यानं हाक मारली, "काय हिमालय, बर्फ पडलो?" सगळे खो खो हसले. त्याला मी दोन दिल्या, पण हसणं काही परत घशात जात नाही.

आता देवचाराचं सांगायला हवं. तिठ्यावर काजऱ्याच्या झाडाखाली एक दगड आहे. तो आमचा राखणदार. दर अमावास्येला सकाळी स्टँडचा नारळ त्याच्यापुढे ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा!" म्हणायचं. आमच्या स्टँडचं गाऱ्हाणं मी घालतो, माझ्या आधी माझे वडील घालायचे. डॉमिंगोसुद्धा दर शुक्रवारी त्या दगडाशी मेणबत्ती लावतो. वाटेवरचा देव सगळ्यांचाच. वडिलांनी मला एकच नियम घालून दिला होता. "गाऱ्हाण्यात वाट मागूची, कोणाचा वायट मागूचा नाय. देव ऐकता की नाय कोणाक ठावक. पण मागे उभी रवलली माणसा ऐकतत."

त्या अमावास्येला चौदा जण माझ्या मागे हात जोडून उभे होते. मी सुरुवात नेहमीसारखी केली.

"बा देवा म्हाराजा, तिठ्याच्या राखणदारा, आज तुज्या पायाकडे जो नारळ ठेवललो आसा, तो मान्य करून घे. लेकरांच्या गाडयेक यश दी, रस्त्यार संभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

इथे थांबायचं असतं. पण हसण्याचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"आणि जेना माज्या तोंडातलो घास काढून घेतलो, तो हात, तो पानो धरतलो उजवो हात, मोडान पडांदे रे म्हाराजा!"

मग अजयचा आवाज सगळ्यांच्या वर. "होय म्हाराजा!" आणि मागाहून सगळे.

नारळ फुटला. मी खोबरं वाटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ओकारी झाल्यावर वाटतं तसं.

त्याच दिवशी दुपारी, जेवणवेळ. रस्त्यावर चिटपाखरू नाही, मार्ता कामासाठी कणकवलीला गेलेली. मी शेवंतीकडे भात कालवत होतो. गॅरेजातून आरोळी आली. माणसाचा आवाज आहे हे कळायलाच मला वेळ लागला. मी तसाच उष्ट्या हातानं धावलो.

डॉमिंगो जमिनीवर उताणा होता. स्टँडवरचाच एक जण त्याच्या छातीवर बसलेला, दुसऱ्यानं त्याचा उजवा हात ओढून लोखंडी ऐरणीवर दाबून धरलेला. अजयच्या हातात टायर काढायचा लोखंडी दांडा. पहिला घाव बसून झाला होता. मनगटाच्या जरा वर हात जिथे वाकायचा नाही तिथे वाकला होता आणि चामडी फाटून पांढरं काहीतरी बाहेर डोकावत होतं. डॉमिंगोचे पाय जमिनीवर आपटत होते. त्यानं मला बघितलं.

"गुरू," तो म्हणाला. "गुरू, सांग तेंका."

अजयनंही माझ्याकडे बघितलं. दांडा वर धरून थांबला. माझ्याच शब्दाची वाट बघत होता मेला. 'पुरे' एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

मी बोललो नाही. मी त्यांच्या बाजूनं पुढे गेलो, मार्ताची मोटारसायकल लाथ मारून पाडली, भिंतीवरचा घण उचलला आणि तिच्या टाकीवर घातला. दिवा फोडला. मीटर फोडलं. मग ती दुसरी, नव्या रंगाची, जाड सीटवाली. तिच्यावर तर मी दात खाऊन घाव घातले, सीट फाटून स्पंज बाहेर येईपर्यंत. आणि माझ्या पाठीमागे दुसरा घाव बसला, तिसरा बसला. माडाच्या झावळीचा सुका देठ मोडतो तसा आवाज. तिसऱ्यानंतर डॉमिंगो ओरडायचा थांबला.

तेवढ्यात त्याची बायको, सोकोरो, स्वयंपाकघरातून कोयती घेऊन आली. सरळ अजयच्या खांद्यावर घाव घातला. अजय भेकरासारखा ओरडला, दांडा टाकून पळाला, बाकीचे दोघे त्याच्या मागे. सोकोरो कोयती उगारून माझ्यासमोर आली. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"गाडी काढ," ती म्हणाली.

तिठ्यावर त्या वेळी व्हॅन एकच होती, माझी. नवे टायर घातलेली. मागच्या सीटवर डॉमिंगोला आडवा घातला, सोकोरोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हात टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेलातून रक्त सीटवर, सीटवरून खाली. मालवणच्या डॉक्टरनं बघितल्याबरोबर सांगितलं, गोव्याला न्या, मोठ्या हॉस्पिटलात, आत्ताच्या आत्ता. कुडाळ गेलं, सावंतवाडी गेली, बांदा गेलं. जिल्ह्याची हद्द मी आयुष्यात पहिल्यांदा ओलांडली. पल्याडचं काय बघितलं म्हणाल तर आरसा. आरशात सोकोरोचे डोळे होते, आणि ते माझ्या मानेवरून हलत नव्हते. प्रवासासाठी व्हॅनीत ठेवलेला डबा पडून कुळथाचं पीठ सांडलं होतं, रक्तात कालवलं जात होतं.

डॉक्टरांनी तीन तास घेतले. बाहेर येऊन म्हणाले, हात राहील, पण बोटं मिटणार नाहीत. पाना धरता येणार नाही.

सोकोरो बाकावर बसली होती. झग्यावर रक्त वाळून कडक झालेलं. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"ती दुसरी गाडी कोणाची, म्हायत आसा तुका?" तिनं विचारलं.

"मार्ताचीच मगे."

"तुजी." ती अगदी हळू बोलत होती. "बाय म्हणाली, काचेच्या आडसून माका देश बगूचो नाय, मी मोटारसायकलीन जातलंय. पण एकटी नको, कोणतरी व्हयो. डॉमिंगोन सांगल्यान, माज्या गुरूक घेवन जा. व्हॅनीत तो तुजो ड्रायव्हर जातलो, मोटारसायकलीर तुमी दोघांय बगशात. तुका सांगूक इलो, तू थोबाडीत मारलंस. परत इलो, तोंडार धूर सोडलंस. तरी रातदीस तुजीच गाडी करत होतो. तुजी कंबर दुखता म्हणान सीट जाड करून घेतल्यान. सावंतवाडीसून."

मी खाली बसलो. जाड सीट. म्हातारीची चैन.

गावी परतलो तो थेट अजयच्या घरी. खांद्याला पट्टी बांधून तो ओट्यावर बसला होता. मी त्याला केसाला धरून अंगणात आणला आणि मारला. नाकातून रक्त आलं, भुवई फुटली, त्याची आई किंचाळत होती, मी थांबेना. तो हात वर करीना. त्याचं मला आणखी चढलं. "कोणी सांगल्यान रे तुका? कोणी सांगल्यान?"

"तुमीच, काका," तो रक्त थुंकत म्हणाला. "देवासमोर सांगल्यात. आमी होय म्हटलंव."

माझा हात वरच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा डोकं हाताच्या आधी पोचलं, आणि तेसुद्धा सगळं संपल्यावर.

पोलीस हॉस्पिटलात जाऊन आले. डॉमिंगोनं जबाब दिला, जॅक सटकला, गाडी हातावर पडली. सोकोरोनं आदळआपट केली, त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिठ्यावरची पोरं सुटलो म्हणाली. मला मात्र त्या जबाबानं झोप लागेना. माझ्यावर दया केलीन म्हणावं, तर हॉस्पिटलात मी समोर गेलो की तो डोळे मिटायचा.

मार्ता दोन दिवसांनी निघाली. बॅग पाठीवर घेऊन स्टँडवर आली. चौदा रिक्षा उभ्या, एकानंही "कुठे जायचं" विचारलं नाही. तिनं तो नकाशा घडी करून माझ्या रिक्षाच्या सीटवर ठेवला. कणकवलीची एसटी आली, ती चढली आणि खिडकीत बसली. शेवंतीचं खरं झालं. नकाशा अजून तसाच घडीत आहे, उघडायची माझी छाती नाही.

मग पुढची अमावास्या आली. डॉमिंगो घरी आलेला होता. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. बोटं तेवढी बाहेर, सुजलेली, निळी. तो शेवंतीच्या बाकावर बसला होता, चहाचा ग्लास डाव्या हातात होता. नारळ माझ्या हातात. मागे तेच चौदा जण. अजयच्या भुवईवर अजून खपली.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. "तिठ्याच्या राखणदारा. गेल्या अमावास्येक ह्याच जाग्यार जेना वायट मागल्यान, तो मी. नाव घेवन सांगतंय. गुरुदास माजा नाव."

मागे कोणीतरी "काका, रे काका" असं पुटपुटलं.

"डॉमिंगोचो हात दांड्यान मोडलो नाय, माज्या तोंडान मोडलो. तो माका हाक मारी होतो, मी दारात उभो होतंय आणि 'पुरे' म्हटलंय नाय. हयसून मी पोलिसांकडे जातंय, ह्याच सगळा सांगूक. आणि माजा मागणा एकच आसा. जेना दुसऱ्याचो हात मोडलो, तेका ह्या तिठ्याच्या भायर खंयच वाट दिव नको. तेचो हिमालय हयच पुरान टाक रे म्हाराजा!"

चौदा माणसं, चौदा गळे, आणि काजऱ्यावरचा कावळा तेवढा ओरडत होता. अजय रडत होता. 'होय' म्हणायला कोणाचं तोंड उघडेना. माझ्यावर प्रेम होतं म्हणून, की स्वतःची भीती होती म्हणून, देव जाणे. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही तर ते अधांतरी राहतं. मी नारळ धरून तसाच उभा.

मग मागे बाक सरकल्याचा आवाज आला. डॉमिंगो उठला. हळूहळू चालत दगडापाशी आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. महिनाभरात पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. निळी बोटं त्यानं डाव्या हातानं उचलून दुसऱ्या तळव्याला लावली. जोडले कसेबसे हात.

"होय म्हाराजा!" तो म्हणाला. मोठ्यानं, अगदी पोटातून.

मी नारळ फोडला, रिक्षाची चावी शेवंतीच्या टेबलावर ठेवली आणि पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लागलो. चालत.